वॉल्डॉर्फ सॅलडमध्ये अक्रोड आला कुठून?

दोन कच्ची, म्हणजे न शिजवलेली, सफरचंदं सोलायची, त्यांच्या साधारण अर्ध्या इंचाच्या चौकोनी फोडी करायच्या. सेलरीचेही तेवढ्याच आकाराचे तुकडे करायचे. दोन्ही एकत्र करून चांगल्या मेयोनीजमध्ये घोळवायचं. सफरचंदाची बी आत राहणार नाही याची मात्र फार काळजी घ्यायची. झालं सॅलड.

वॉल्डॉर्फ सॅलडची ही १८९६ सालची छापील कृती. यात अक्रोड नाही. छपाईत राहून गेला असेल असंही नाही, कारण ज्या जाडजूड पुस्तकात ही कृती आहे त्याला नऊशेच्या वर पानं आहेत. आणखी एका शब्दाला जागा नक्कीच होती. आज कोणालाही विचारा, सफरचंद, सेलरी, अक्रोड, मेयोनीज ही चार नावं एका दमात येतील आणि त्या यादीला लोक बिनदिक्कत ‘क्लासिक’ म्हणतील. त्या चौघांपैकी एकजण उशिरा येऊन पंगतीत बसला आणि यजमान असल्यासारखा वागू लागला, हे सहसा कोणी सांगत नाही.

पुस्तक लिहिणारे ऑस्कर चिर्की हे स्वयंपाकी नव्हते. १८६६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हा मुलगा १८८३ मध्ये न्यूयॉर्कला आला, हॉफमन हाऊस या हॉटेलात कामाला लागला आणि पुढे डेलमॉनिकोज या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये वर आला. वॉल्डॉर्फ हॉटेल उघडलं तेव्हा ते तिथे मेत्र द’होतेल झाले. म्हणजे भटारखान्याचे नव्हे, दिवाणखान्याचे राजे. कोण कुठे बसणार, कोणाला काय आवडतं, मेजवानीत कशानंतर काय यायचं, हे सगळं त्यांच्या हातात. १९४३ पर्यंत, तब्बल पन्नास वर्षं, ते त्याच नावाच्या हॉटेलात राहिले आणि लोक त्यांना ‘ऑस्कर ऑफ द वॉल्डॉर्फ’ म्हणूनच ओळखत. सॅलड त्यांनी ‘शोधलं’ असं सरसकट लिहिलं जातं. हातात सुरी धरून फोडी कोणी केल्या हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. पदार्थ ज्याने पुढे आणला, नाव त्याचं.

हॉटेल जन्माला आलं ते घरच्या भांडणातून. विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर आणि त्यांच्या काकू कॅरोलाइन ॲस्टर यांची घरं न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर शेजारी शेजारी होती. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजात ‘मिसेस ॲस्टर’ कोणी म्हणवून घ्यायचं यावरून दोन घरांत वाजलं होतं. पुतण्याने आपल्या बाजूचं वडिलोपार्जित घर पाडून तिथे थेट हॉटेलच बांधलं, काकूंच्या भिंतीला भिंत लावून. ते उघडलं १३ मार्च १८९३ रोजी. शेजारी रात्रंदिवस गाड्या आणि पाहुणे म्हटल्यावर काकूंनी तिथून मुक्काम हलवला आणि त्यांच्या मुलाने, जॉन जेकब ॲस्टर चौथे यांनी, त्या जागेवर १८९७ मध्ये ॲस्टोरिया नावाचं दुसरं हॉटेल उभं केलं. (हेच पुढे १९१२ मध्ये टायटॅनिकवर बुडाले.) दोन्ही हॉटेलं मग जोडली गेली, आणि वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हे जोडनाव तयार झालं.

यातलं ‘वॉल्डॉर्फ’ हे जर्मनीतल्या एका गावाचं नाव. ॲस्टर घराण्याचा मूळ पुरुष १७६३ मध्ये हायडेलबर्गजवळच्या वालडॉर्फ गावात जन्मला. फरच्या व्यापारात आणि न्यूयॉर्कच्या जमिनींत त्याने जे कमावलं, त्यावर पुढच्या पिढ्या जगल्या. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय आज याच गावात आहे, त्यामुळे आयटीतल्या बऱ्याच जणांनी हे नाव सॅलडशी संबंध न जोडताच ऐकलेलं असतं. वॉल्डॉर्फ शाळांचं नावही तिथूनच फिरून आलं. १९१९ मध्ये पहिली शाळा श्टुटगार्टच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. एका गावाच्या नावाने हॉटेल, सिगारेट, शाळा आणि सॅलड.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी, १४ मार्चला, सेंट मेरीज या मुलांच्या रुग्णालयाच्या मदतीसाठी हॉटेलात मोठा कार्यक्रम झाला. सॅलड पहिल्यांदा त्या रात्री वाढलं गेलं अशी कथा आहे. १८९६ हेच जन्मसाल धरणारेही आहेत. मला विचाराल तर हातात धरता येणारा पुरावा म्हणजे ते पुस्तक, आणि त्यातली ती चार ओळींची कृती.

त्या चार ओळी आज वाचताना गरीब वाटतात. दोन सफरचंदं, थोडी सेलरी, पांढरं ड्रेसिंग. भपकेबाज हॉटेलाने आपलं नाव द्यावं असं यात काय होतं? उत्तर सेलरीत आहे.

आज सेलरी ही फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मऊ पडत जाणारी भाजी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ती मिरवायची वस्तू होती. तिच्यासाठी खास उंच काचेच्या फुलदाण्या मिळत. त्यांत देठ उभे ठेवून टेबलाच्या मधोमध मांडत, फुलं ठेवावीत तसे. कारण ती पिकवणं कटकटीचं होतं. सेलरीला सतत ओल लागते, आणि उन्हात मोकळी वाढू दिली तर देठ हिरवेगार, राठ आणि कडवट होतात. म्हणून रोप वाढेल तशी त्याच्या भोवती माती चढवत जायची किंवा दोन्ही बाजूंनी फळ्या लावायच्या, म्हणजे देठाला उजेड मिळत नाही आणि तो फिकट, कोवळा, गोडसर राहतो. सगळं हाताने. मिशिगनमधल्या कॅलमझू गावाभोवतीच्या काळ्या दलदलीच्या जमिनीत डच स्थलांतरितांनी ही शेती एवढी वाढवली की गावालाच ‘सेलरी सिटी’ म्हणू लागले. थांबलेल्या आगगाडीतल्या प्रवाशांना फलाटावर सेलरीच्या जुड्या विकल्या जात.

म्हणजे १८९३ च्या पाहुण्याच्या ताटात पडलेला तो फिकट तुकडा श्रीमंतीचा होता, आणि करकरीतपणाही त्याचाच होता. सेलरीचा देठ म्हणजे पाण्याने तट्ट भरलेल्या पेशींची मोळी. दाताखाली पेशी फुटते तो आवाज आपण ‘कुरकुरीत’ म्हणून ऐकतो. सफरचंदातही तेच, फक्त तिथे पेशींच्या मधे हवा भरपूर असते. फळाच्या आकारमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा हवा असते, म्हणूनच सफरचंद पाण्यावर तरंगतं. एक तुकडा कचकन मोडतो, दुसरा ठिसूळ तुटतो. दोघांचा आकार एकच ठेवायला सांगितलं आहे ते यासाठी असावं: डोळ्यांना फरक कळत नाही, दाताला कळतो.

दुसरी श्रीमंती ‘चांगल्या’ या विशेषणात दडलेली आहे. चांगलं मेयोनीज. तेव्हा बाटली नव्हती. अंड्याचा पिवळा बलक वाडग्यात घ्यायचा, एका हाताने घोटत राहायचं आणि दुसऱ्या हाताने तेल अक्षरशः थेंबाथेंबाने सोडायचं. सुरुवातीला घाई केली की मिश्रण फुटतं, तेल वेगळं, बलक वेगळा. मग नवा बलक घेऊन ते फुटलेलं त्यात परत चमच्या-चमच्याने जिरवत बसा. भटारखान्यात यासाठी एक माणूस राखून ठेवता येणाऱ्यांचाच हा पदार्थ. रिचर्ड हेलमन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या दुकानातलं मेयोनीज १९१२ मध्ये बरण्यांतून विकायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत ही मक्तेदारी मोडली. सेलरीही स्वस्त होत गेली. दोन सफरचंदं आणि बरणीतला एक डाव एवढ्यावर हॉटेलचं सॅलड घरात येऊ लागलं.

आता अक्रोड.

आपण ज्याला अक्रोड म्हणतो तो मूळचा आशियातला. अमेरिकेत त्याला इंग्लिश वॉलनट म्हणतात, जरी इंग्लंडशी त्याचा संबंध जहाजापुरताच. तिथला देशी काळा अक्रोड वेगळा: कवच हातोड्याला दाद न देणारं, मगज थोडा, वास उग्र. तो सॅलडमध्ये घालायचा तर आधी तासभर फोडत बसायचं. पातळ कवचाच्या अक्रोडाची बागायत कॅलिफोर्नियात रुजली ती १८६७ च्या सुमारास, जोसेफ सेक्स्टन यांनी सँटा बार्बराजवळ रोपं लावल्यापासून. १९१२ मध्ये तिथल्या बागायतदारांनी आपला संघ काढला आणि डायमंड या छापाने माल देशभर पाठवायला लागले. अक्रोड घातलेल्या वॉल्डॉर्फ सॅलडसाठी ज्या पुस्तकाचा दाखला नेहमी दिला जातो ते जॉर्ज रेक्टर यांचं, १९२८ चं. ऑस्करच्या पुस्तकापासून बत्तीस वर्षांनी. रेक्टर हेही न्यूयॉर्कच्याच रेस्टॉरंट व्यवसायातले. अक्रोड त्यांनीच पहिल्यांदा घातला असं मी म्हणणार नाही. घरोघरी सॅलड होऊ लागलं की कोणीतरी कुठेतरी मूठभर सुकामेवा टाकतोच, आणि पुस्तक नंतर येतं.

का टाकला असावा, याचा माझा अंदाज असा. सेलरीतली श्रीमंती गेली, मेयोनीज बरणीतून आलं, तसं ताट फिकं पडलं. पांढऱ्यात पांढरं, ओल्यात ओलं. काहीतरी तपकिरी, कोरडं आणि महागडं वाटणारं हवं होतं.

हा अंदाज तपासायला एकदा मी दोन वाडगे शेजारी ठेवले. एकात १८९६ ची कृती, दुसऱ्यात तीच अधिक अक्रोड. मेयोनीज दोन्हीकडे हाताने घोटलेलं, लिंबू पिळून. पहिल्या घासाला, खरं सांगायचं तर, बिनअक्रोडाचं जास्त आवडलं. सफरचंदाचा आंबटगोडपणा आणि सेलरीचा तो किंचित खारट, हिरवा वास समोरासमोर उभे राहतात, मधे कोणी येत नाही. पण पाचव्या-सहाव्या घासाला कंटाळा आला. अक्रोडाच्या वाडग्यात तसं झालं नाही. मगजाच्या सालीत तुरटपणा असतो, तो मेयोनीजचा ओशटपणा जिभेवरून पुसून काढतो आणि पुढचा घास पुन्हा पहिला वाटतो. अर्ध्या तासाने मात्र दोन्ही वाडग्यांच्या तळाशी पाणी सुटलेलं होतं. ड्रेसिंगमधलं मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, पेशी ढिल्या पडतात, आणि करकरीतपणा संपतो. हे सॅलड कालवून ठेवायचं नाही. ज्या हॉटेलात हुकूम आल्यावर कालवणारा माणूस उभा होता, तिथे ही अडचण कळलीच नसणार.

घरी करणाऱ्याला ऑस्करने न सांगितलेल्या गोष्टी जास्त छळतात. सफरचंद पिठूळ असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. कडक आणि आंबटसर जात हवी. ग्रॅनी स्मिथ चालतं, हनीक्रिस्प तर या कामासाठीच केल्यासारखं आहे, पण ते मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणलेलं, म्हणजे सॅलडपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी धाकटं. कापलेली फोड काळी पडते ती फळातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनशी भेटल्यामुळे. लिंबाचा आंबटपणा त्याला आवरतो आणि मेयोनीजमधलं तेल हवेला थोडं बाहेर ठेवतं, तेव्हा फोडी करून मग मेयोनीज घोटायला घेणं हा उलटा क्रम झाला. सेलरी मरगळली असेल तर देठ बर्फाच्या पाण्यात उभे ठेवावेत, पाणी पिऊन पुन्हा ताठ होतात. आणि अक्रोड आधी चाखून बघा. त्यात साधारण पासष्ट टक्के तेल असतं, ते हवेत लवकर खवट होतं, आणि एक खवट मगज अख्खा वाडगा नासवतो. मंद आचेवर हलके भाजले की आतली ओल जाते आणि तेलाचा वास मोकळा होतो. घालायचे मात्र अगदी शेवटी. सफरचंदाची साल काढायची की ठेवायची? ऑस्कर काढायला सांगतात. मी लाल सालीसाठी ठेवते, आणि हे बंड मान्य करते.

एकदा दार उघडल्यावर बाकीचेही आत आले. द्राक्षं आली, बेदाणे आले, कोशिंबिरीला ताट हवं म्हणून लेट्यूसचं पान आलं. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत फेटलेलं क्रीम आणि मार्शमेलोसुद्धा घातले गेले, त्यावर न बोललेलं बरं. सॅलडची कीर्ती एवढी झाली की १९३४ मध्ये कोल पोर्टर यांच्या एका ब्रॉडवे गाण्यात जगातल्या सर्वोत्तम गोष्टींच्या यादीत ते जाऊन बसलं. १९७९ मध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश मालिकेत एका अमेरिकी पाहुण्याने ते मागितलं आणि हे काय असतं याचा पत्ता नसलेल्या हॉटेलमालकाची पळापळ झाली. तिथे पाहुणा जी यादी ऐकवतो तीत अक्रोडही आहे आणि द्राक्षंही. तोवर ‘खरं’ वॉल्डॉर्फ सॅलड हेच झालं होतं.

मूळ हॉटेल १९२९ मध्ये पाडलं गेलं आणि त्या जागेवर एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया १९३१ मध्ये पार्क अव्हेन्यूवर नव्याने उघडलं, ऑस्करसह. सॅलड मात्र तोवर बरंच लांब पोचलं होतं. जर्मनीत ते वाल्डॉर्फझालाट म्हणून मिळतं. ज्या देशातल्या गावाचं नाव घेऊन ते निघालं, तिथेच फिरून आलेलं. तिकडे सेलरीचे देठ नाहीतच. सेलरीचा जमिनीखालचा गड्डा कच्चा, बारीक सळ्यांसारखा चिरून घालतात. ऑस्करच्या कृतीतला निम्मा भाग गेला, पण अक्रोड असतोच.