१०२४ बाय ७६८ वर अडकलेला पडदा: लिनक्समधल्या रिझोल्यूशनच्या तक्रारीमागचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० साठीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ न चालणाऱ्या मशीनचं काय करायचं, हा प्रश्न सातारा-सांगलीतल्या शाळा, सेवा केंद्रं आणि दुकानांपुढे आता उभा आहे. उबुंटू किंवा मिंट या लिनक्सवर चालणाऱ्या मोफत प्रणाली हे त्याचं चांगलं उत्तर आहे. पण इन्स्टॉल झाल्यावर अनेकदा पहिली तक्रार येते ती पडद्याची. मॉनिटर १८.५ इंची, मूळ रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८, आणि सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८च्या वर काहीच नाही. अक्षरं आडवी ताणलेली, धूसर. नेटवर उपाय शोधले तर ते वेगवेगळ्या काळातले निघतात. कुठला उपाय कुठल्या काळाचा हे न ओळखता वापरला, तर धूसर पडद्याचा काळा पडदा होतो.

लिनक्सवर पडदा रंगवण्याचं काम दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टीमकडे होतं. एमआयटीत १९८४ साली ती सुरू झाली, आणि पीसीसाठीची एक्सफ्री८६ ही आवृत्ती १९९२ची. त्या काळी मॉनिटर काय झेपवू शकतो हे वापरणाऱ्यालाच सांगावं लागे. मॅन्युअलमधून आडव्या आणि उभ्या सिंकचे आकडे काढायचे, पिक्सेल क्लॉकसकट ‘मोडलाइन’ (एका रिझोल्यूशनच्या सगळ्या आकड्यांची ओळ) लिहायची आणि ती कॉन्फिग फाइलमध्ये घालायची. आकडा चुकला तर सीआरटी मॉनिटर शिट्टी मारे, कधी कायमचा बिघडे. फाइल हाताने लिहायला सांगणारे उपाय याच वळणाचे आहेत.

१९९४ साली व्हेसा या संस्थेने ईडीआयडी आणलं, आणि मॉनिटर स्वतःची माहिती स्वतः देऊ लागला. ही माहिती मुळात फक्त १२८ बाइटची. व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. चित्र नेणाऱ्या पिना वेगळ्या असल्याने या दोन तुटल्या तरी चित्र दिसतच राहतं, आणि म्हणून केबलवर कुणी संशय घेत नाही. ईडीआयडी मिळालं नाही की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सावध होऊन १०२४ बाय ७६८पर्यंतचेच मोड (रिझोल्यूशनचे पर्याय) देतो. वर्गातल्या प्रोजेक्टरसाठी लावलेला स्वस्त व्हीजीए स्प्लिटरही हेच करतो: एकाच पोर्टची माहिती पुढे पाठवतो, किंवा कुठलीच नाही.

१३६६चीही एक गोम आहे. ईडीआयडीतल्या ‘स्टँडर्ड टायमिंग’मध्ये रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ला आठने भाग जात नाही. नेमका आकडा फक्त ‘डिटेल्ड टायमिंग’मध्ये मावतो. यादीत १३६० दिसतं ते यामुळेच. मोडलाइन काढून देणाऱ्या सीव्हीटी कमांडला १३६६ दिलं की १३६८ची मोडलाइन मिळते, तीही आठच्या पटीच्या अशाच नियमामुळे.

२००४मध्ये परवान्याच्या वादातून एक्सफ्री८६ मागे पडलं आणि एक्स.ऑर्ग पुढे आलं. २००७च्या रँडर १.२ या एक्सच्या जोडणीमुळे चालू सत्रातच मोड जोडता येऊ लागला. खरा बदल २००९चा. कर्नल २.६.२९पासून रिझोल्यूशन ठरवण्याचं काम कर्नलकडे येऊ लागलं, आधी इंटेलसाठी, मग इतरांसाठी. ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा बूट पर्याय हेच काम बंद करतो. इन्स्टॉल करताना काळा पडदा आला म्हणून तो घातला जातो, ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तसाच राहतो, आणि पडदा कायमचा अडकतो. म्हणून पहिल्यांदा तोच तपासावा. काढल्यावर ‘अपडेट-ग्रब’ (update-grub) चालवायला विसरू नये.

मग ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k) ही कमांड चालवून ग्राफिक्ससमोर कुठला ड्रायव्हर लागला आहे ते पाहावं. ड्रायव्हर दिसतो आणि तरी मोड नाहीत, तर दोष केबल किंवा स्प्लिटरचा: मॉनिटर दुसऱ्या केबलने थेट जोडून पाहावा. ड्रायव्हरच दिसत नसेल, तर प्रश्न कार्डाच्या कुळाचा.

इंटेलचे जी३१, जी४१ चिपसेट असलेल्या बोर्डांना काहीही वेगळं टाकावं लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. एएमडीने २००७पासून तांत्रिक कागदपत्रं खुली केली, त्याचं फळ म्हणून त्यांच्या रेडिऑन कार्डांचाही ड्रायव्हर आज कर्नलमध्येच आहे. एनव्हीडियाने ड्रायव्हरचे कर्नल मॉड्यूल २०२२मध्ये खुले केले, तेही ट्युरिंग ही कार्डांची पिढी आणि तिच्या पुढच्या पिढ्यांसाठीच. जुन्या कार्डांना एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची जुनी मालिका लागते: जीफोर्स २१०ला ३४०, फर्मी पिढीला ३९०, केपलर पिढीला ४७०. ३४० नव्या कर्नलवर नीट बसत नाही. ऑफिसच्या कामासाठी तिथे कर्नलमधला खुला ड्रायव्हर नुव्होच ठेवावा, हेच शहाणपणाचं. एसआयएस ६७१ असलेल्या बोर्डांना मात्र कर्नलमध्ये धड ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. त्यांच्यामागे वेळ घालवू नये. स्लॉट असेल तर जुनं रेडिऑन कार्ड बसवावं.

आता उबुंटू २५.१०मधून ग्नोम या डेस्कटॉपचं एक्सवरचं सत्रही गेलं, आणि त्याच्या जागी वेलँड ही नवी पद्धत राहिली. वेलँडमध्ये रँडरच्या एक्सरँडर कमांडने नवा मोड जोडता येत नाही. तिथे ग्रबमध्ये ‘व्हिडिओ’ (video=) पर्यायात पोर्टचं नाव, रिझोल्यूशन आणि ६० हर्ट्झ द्यावं, किंवा ईडीआयडीची फाइल कर्नलला पुरवावी. पोर्टचं नाव अंदाजाने लिहू नये. सिस फोल्डरमधल्या क्लास आणि त्यातल्या डीआरएम फोल्डरमध्ये (/sys/class/drm) दिसतं, तेच लिहावं, फक्त सुरुवातीचा ‘card0-’ सारखा भाग वगळून.