खलाशी बोट का सोडतो?

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फ, डिझेल, शिधा चढवायची एकच धांदल उडते. बोटींवरचे कितीतरी खलाशी नेपाळहून आलेले, उचल देऊन आणलेले. गणपती होईपर्यंत त्यातले काही निघून गेलेले असतात. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: "दुसरीकडे जास्त पैसे मिळाले."

नेहमी तसं नसतं. थॉमस ली आणि टेरेन्स मिशेल या अमेरिकन संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलं, की माणूस दरवेळी हळूहळू नाराज होऊन काम सोडत नाही. बऱ्याचदा मध्ये एखादा धक्का बसतो. घरून आलेला फोन, दुसरीकडचं बोलावणं किंवा चारचौघांत झालेला अपमान. त्या क्षणी तो पहिल्यांदा स्वतःला विचारतो, 'मी इथे का थांबलोय?'

गेल्या हंगामात असा क्षण मी जेटीवर पाहिला. मालकाने "डिझेल महागलंय, या खेपेला कमीच" म्हणत नोटा हातात कोंबल्या आणि तो फोनवर बोलायला लागला. खलाशाने त्या दोनदा मोजल्या. दुसऱ्या दिवशी तो बोटीवर नव्हता.

कमी पैसे मिळाले हे खरंच, पण ते कसे दिले यालाही वजन असतं. संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार १५ टक्क्यांनी कापला गेला. एकीकडे व्यवस्थापनाने आकडे समोर ठेवले, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे थोडक्यात निरोप देऊन मोकळे झाले. कपात सारखीच होती, तरी दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या आणि काम सोडणारेही तिथेच जास्त निघाले.

आमच्याकडच्या एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, हे कुठे वाचलेलं नाही. पण खेप संपली की तो जाळ्याच्या ढिगावर बसून वहीतला खर्च मोठ्याने वाचतो: डिझेल, बर्फ, शिधा. परवा एक पोरगा मध्येच म्हणाला, बर्फाच्या लाद्या चाळीस नव्हत्या, तीसच चढल्या. तांडेलाने बर्फवाल्याची पावती काढून पाहिली, आकडा खोडला आणि बेरीज पहिल्यापासून पुन्हा केली.