आजारी पालकाच्या घरात मुलाचं शिकणं

आई किंवा वडील वर्षानुवर्षं आजारी आहेत आणि मूल घरचं बघत बघत स्वतःचा अभ्यास, खेळ, चित्रकला, कॉम्प्युटर असं काहीतरी नेटाने पुढे नेतंय, त्याबद्दलची ही नोंद. ब्रिटनमध्ये अशा मुलांना यंग केअरर म्हणतात. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या अशा मुलाला काय मदत लागते हे तपासायची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. आपल्याकडे "पोरगं गुणाचं आहे हो" एवढ्यावर भागतं, आणि गुणाचं पोरगं काही मागत नाही म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

अशा घरातल्या मुलाला काय काय येतं ते किडनीच्या आजारावरून कळेल. डायलिसिस आठवड्यातून दोनतीनदा, एका वेळेला साधारण चार तास, जाणंयेणं धरलं तर अख्खा दिवस गेलाच. मग वडिलांना मशीनवर लावलं की बाहेरच्या बाकावर बसून गणितं सोडवायची, पाणी दिवसभरात किती प्यायले त्याचा हिशोब ठेवायचा, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी आधी उकळून ते पाणी फेकायचं, आणि फिस्टुला (डायलिसिसची सुई घालता यावी म्हणून ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर कुणी बीपी बघायला लागलं तर "त्या हातावर नको" असं मोठ्या माणसाला ठणकावून सांगायचं. हे सगळं शिक्षणच आहे खरं तर, फक्त मार्कशीटवर येत नाही. उलट हजेरी कमी भरते म्हणून शाळेत बोलणी बसतात.

या विषयातलं गाजलेलं उदाहरण मेरी क्युरीचं. तिचा जन्म १८६७ चा, पोलंडमधल्या आणि तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या वॉर्सातला. आईला क्षयरोग, आई आपली भांडी वेगळी ठेवायची आणि मुलांना जवळ घेऊन पापा घेणं टाळायची, तेही क्षयाचा जंतू जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवून देण्याच्या कितीतरी आधी. १८७८ मध्ये आई गेली तेव्हा मेरी दहा वर्षांची होती. पुढे १८८३ मध्ये ती सुवर्णपदक घेऊन शाळेतून बाहेर पडली, आणि लोक गोष्ट इथेच थांबवतात. पण त्यानंतर ती इतकी खचली होती की तिला वर्षभर गावाकडे नातेवाइकांकडे आरामाला पाठवावं लागलं. शिवाय घरात वडील होते, गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, रशियन सरकारने शाळांमधले प्रयोग बंद केल्यावर सामान घरी घेऊन आलेले. म्हणजे एकटीची जिद्द वगैरे जे सांगितलं जातं ते अर्धंच आहे.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी पार चाळिशीपर्यंत अभ्यास केला, त्यातही हेच निघालं. गरिबी, आईवडिलांचा मानसिक आजार, घरातली भांडणं अशा अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं नीट मार्गी लागली, आणि त्यांच्याजवळ आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असं निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. घरात जबाबदारीचं काम असणंही फायद्याचं ठरलं, पण ते झेपेल एवढंच असावं, रात्री उठून आईला ऑक्सिजन लावणारं मूल सकाळी वर्गात डुलक्या काढणारच.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. पालकाला गंभीर आजार असलेली मुलंही तिच्यात बसतात. २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये मिळतात, अर्ज बालकल्याण समितीपुढे जातो. क्लासची फी, वह्यापुस्तकं यातून निघतात, पण संध्याकाळचे दोन तास पेशंटजवळ दुसरं कुणी बसेल याची सोय त्यात नाही आणि मुलाला खरी गरज त्याचीच जास्त असते. शाळा सुटलीच तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते, हे बऱ्याच घरांत वेळेवर माहीतच नसतं.