खान्देशचे शिक्के : जिल्हा कोणता, थैली कुठली

शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे, पण त्याचा पिन 425405. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिन 424101. धुळ्याचा स्वतःचा 424001 आणि जळगावचा 425001. छोट्या गावांच्या टपाल शिक्क्यांचा संग्रह लावायला बसलेला माणूस पहिल्यांदा अडतो तो इथेच. जिल्ह्याप्रमाणे लावला तर पिन विस्कटतात, पिनप्रमाणे लावला तर जिल्हे. बहुतेक संग्राहक आजचा जिल्हा धरतात. जुन्या पाकिटांना त्याने न्याय मिळत नाही, आणि तो का मिळत नाही हे शिक्क्यांचा इतिहासच सांगतो.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात. तिकिटे आली 1 ऑक्टोबर 1854 ला, आणि तेव्हाचा खान्देश आजच्यापेक्षा मोठा होता. मालेगाव, बागलाण, नांदगाव हा भाग 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेला. त्यामुळे 1869 पूर्वीचे मालेगावचे पाकीट खान्देशच्याच पानावर लावायला हवे. बुऱ्हाणपूर इतिहासाने खान्देशचे असले, तरी इंग्रजी अमलात ते मध्य प्रांतात होते, आणि त्याचे शिक्के वेगळ्या टपाल सर्कलच्या, म्हणजे टपाल खात्याच्या प्रांतवार विभागाच्या, पद्धतीत बसतात. 1873 पासूनच्या पद्धतीत मुंबई सर्कलच्या शिक्क्यांत 'बी' हे इंग्रजी अक्षर आणि आकडा दिसतो. पाकिटावर हा आकडा आणि गावाच्या नावाचा शिक्का शेजारीशेजारी असले तर आकडा कुणाचा ते लगेच कळते. पाण्यात घालून सोडवलेल्या सुट्या तिकिटावर फक्त आकडा उरतो. म्हणून तिकीट कधीही सोडवू नये, पाकीट किंवा कार्ड पूर्ण ठेवावे. प्रयोग म्हणून उघडलेल्या पोस्टांच्या शिक्क्यांवर तर गावाच्या जागी निव्वळ क्रमांक असे आणि पोस्ट बंद झाले की तोच क्रमांक दुसऱ्या गावाला जाई. तिथे आतला मजकूर वाचल्याशिवाय गाव ठरत नाही.

आता मुख्य गुंता. 1906 मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले : पूर्व खान्देश, मुख्य ठाणे जळगाव, पश्चिम खान्देश, मुख्य ठाणे धुळे. 1960 मध्ये त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. पण जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून पोलादी शिक्का दुसऱ्या दिवशी बदलत नाही. तो झिजेपर्यंत चालतो. 1960 नंतरच्या तारखेखाली गावाच्या नावाला 'पश्चिम खान्देश' जोडलेले दिसले तर तो लगेच बनावट समजू नये. उलट, अशा शिक्क्याची शेवटची तारीख शोधणे हेच या प्रदेशातले सगळ्यात मोलाचे काम आहे.

पिन आला 15 ऑगस्ट 1972 ला. त्यातला तिसरा आकडा टपाल वेगळे करण्याच्या विभागाचा असतो आणि शेवटचे तीन बटवड्याच्या पोस्टाचे. महसुली जिल्ह्याशी त्यांचा थेट संबंध नाही. नकाशा उघडून रेल्वेच्या रेघा पाहिल्या की कोडे बरेचसे सुटते. नरडाणा, शिंदखेडा (425406), दोंडाईचा (425408), नंदुरबार (425412), नवापूर ही सुरत-भुसावळ मार्गावरची गावे, म्हणून 425. शिरपूरला रेल्वे नाही, पण जवळचे स्टेशन नरडाण्याचे. उलट चाळीसगाव (424101) मुंबई-भुसावळ मार्गावर आहे आणि धुळ्याचा फाटा तिथूनच फुटतो. पाचोरा (424201), भडगाव (424105), जामनेर (424206) हेही 424 मध्येच आले. पाचोऱ्याहून जामनेरला अरुंद रुळांची गाडी जायची, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे पिनने खान्देशचा जो नकाशा काढला तो बराचसा टपालाच्या थैलीच्या वाटेचा आहे. रेल्वे टपाल सेवेचे 'एल' विभागाचे ठाणे भुसावळला आहे, ते उगाच नाही.

म्हणून संग्रह थैलीच्या वाटेने लावावा, असे ठामपणे वाटते. बहुतेक शाखा डाकघरांचा, म्हणजे खेड्यातल्या छोट्या पोस्टांचा, हिशेब एकेका उपडाकघराकडे असतो. गावची थैली तिकडेच जाते आणि पिनही त्याच डाकघराचा लागतो. त्या उपडाकघराचे एक पान करावे, त्याखाली त्याची शाखा डाकघरे, आणि पानाच्या वर तारखेनुसार बदललेले जिल्हे. एखादी शाखा एका उपडाकघराकडून दुसऱ्याकडे गेली की शिक्क्यावरचा पिन बदलतो, गाव मात्र जिथल्या तिथे असते. जिल्ह्याप्रमाणे लावलेल्या संग्रहात हा बदल दिसतच नाही.

शाखा डाकघरांबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. जुन्या कार्डावर खेड्याचे नाव रबरी शिक्क्याने कोपऱ्यात उठलेले असते आणि तिकिटावर मात्र तालुक्याच्या गावाचा तारखेचा शिक्का. विकणारा ते तालुक्याचे म्हणून देतो. खरे तर ते खेड्याचे आहे. पूर्वी कित्येक शाखांकडे फक्त नावाचा शिक्का असे आणि तिकीट रद्द व्हायचे ते हिशेबाच्या ऑफिसात. किंमत त्या पुसट जांभळ्या नावाची आहे. रजिस्टर पाकिटावर 'आर'ची चिठ्ठी शाबूत असेल तर पोस्टाचे नाव तिच्यावरही मिळते, शिक्का कितीही माखलेला असो.

तारखेत फसगत जास्त होते. शिक्क्यात दिवस, महिना, वर्ष यांचे सुटे खिळे, म्हणजे आकड्या-अक्षरांचे ठसे, रोज पाहून बदलावे लागतात. महिन्याचा खिळा उलटा बसतो, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जुने वर्ष तसेच राहते. फैजपूरचा डिसेंबर 1936 चा शिक्का सगळ्यांनाच हवा असतो, कारण खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन तिथे 27-28 डिसेंबरला झाले. असे कार्ड घेताना पोहोचीचा शिक्का आणि आत हाताने लिहिलेली तारीख दोन्ही जुळवाव्यात. पेढीच्या पत्रात मिती, म्हणजे पंचांगाची तारीख, असते. कार्तिकात बदलणारा विक्रम संवत असेल तर दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत 57 वजा करावेत, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत 56. संवत 1993 चा पौष वद्य पक्ष म्हणजे 1937 चा जानेवारी-फेब्रुवारी. मजकूर मोडीत असला तरी मितीचे आकडे ओळखायला आठवडाभराचा सराव पुरतो.

खान्देशात माल मिळतो तो मुख्यतः कापसाच्या पेढ्यांच्या रद्दीतून. जळगाव, धरणगाव, अमळनेर, धुळे इथली जुनी कार्डे तारेत ओवलेली असायची, म्हणून प्रत्येकाच्या मधोमध गंजाच्या कडेचे भोक असते. ते दोष मानून कार्ड टाकू नये. भोक शिक्क्यातून गेले आहे का, एवढेच पाहावे. गंज ओला करून काढायला जाऊ नका, शाई पसरते. पुसट शिक्का तिरप्या उजेडात वाचावा. तरीही जमले नाही तर 600 डीपीआयवर स्कॅन करून रंगांचे चॅनल सुटे करावेत. लाल किंवा तपकिरी तिकिटावरचा काळा शिक्का लाल चॅनलमध्ये उठून येतो, कारण तिकीट फिकट पडते. जांभळ्या रबरी शिक्क्याला हिरवा चॅनल लावावा. पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, मे महिन्याच्या उन्हात त्या चिकटतात आणि शाई उचलून घेतात. पॉलिस्टरची पिशवी, तीही एका बाजूने उघडी.

चालू शिक्के मिळवायला 50 पैशांचे पोस्टकार्ड पुरते. स्वतःच्या पत्त्याचे कार्ड शाखेतच पेटीत टाकावे, तालुक्याला नेऊन टाकू नये. सकाळी थैली निघण्याआधी गेले तर शाखा डाकपालाला हात मोकळा असतो. शिक्का तिकिटावर निम्मा आणि कार्डावर निम्मा उठवायला सांगावे, म्हणजे गावाचे नाव कोऱ्या भागावर येते. खूप शाई लागलेल्या पॅडवर पहिला ठसा वाया जातो, दुसरा चांगला उठतो, म्हणून दोन कार्डे न्यावीत. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. तोपर्यंतची रजिस्टर पाकिटे आणि काउंटरच्या पावत्या अजून घराघरांत पडून आहेत. बँका, पतपेढ्या, तहसील यांच्याकडून आलेल्या या पाकिटांच्या पाठीवर पोहोचीचे शिक्के बऱ्याचदा असतात. ती आधी गोळा करावीत.