व्हिटॅमिन ई घातलं की कोरफडीचं जेल टिकतं?

फिरणारा मेसेज असा: कोरफडीच्या गरात व्हिटॅमिन ईची कॅप्सूल पिळा, जेल महिनाभर बाहेर टिकतं.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण व्हिटॅमिन ई टिकवतं खरं, पण तेल. तेलाला येणारा खवटपणा ते लांबवतं. जंतू आणि बुरशी वाढतात पाण्यात, आणि हा गर जवळपास 99 टक्के पाणीच. शिवाय व्हिटॅमिन ई पाण्यात विरघळत नाही. कॅप्सूल पिळून ढवळा, वाटी उजेडात धरा. पिवळसर तेलकट थेंब वेगळेच दिसतील.

टिकवायचं तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू-बुरशी रोखणारं रसायन, हवंच. त्यातलंच एक फिनॉक्सिइथेनॉल, 100 ग्रॅम जेलला जास्तीत जास्त 1 ग्रॅम, तेही डिजिटल काट्यावर. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. बुरशीवर ते एकटं कमी पडतं, म्हणून जोडीला सोडियम बेंझोएट घालतात. पण त्याचा उपयोग जेलचा पीएच (आंबटपणाचं माप) 5 च्या खाली असेल तरच, तेव्हा पीएच मोजायची पट्टी बुडवून बघा.

हा खटाटोप नको असेल तर लागेल तेवढाच गर काढा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. वास आला, पातळ झाला की फेका. वास नसला तरी जंतू असू शकतात. मुंबईच्या जुलैत बाथरूमच्या फळीवर तर तो एक दिवसही ठेवू नका.