रोजगार हमी योजना आणि विधिमंडळ

रोजगार हमी योजना : ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते पुरवण्याची कायदेशीर जबाबदारी शासनावर टाकणारी महाराष्ट्र राज्याची योजना. कागदोपत्री संक्षेप ‘रोहयो’. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र ‘दुष्काळी काम’ हेच नाव राहिले. योजना १९७२ मध्ये सुरू झाली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. तिचे मूळ सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात आहे, आणि जनक म्हणून विसापूरचे वि. स. (विठ्ठल सखाराम) पागे (१९१०–१९९०) यांचे नाव सर्वमान्य आहे.

पागे स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, गांधीविचाराचे, पेशाने वकील. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे ते विधानपरिषदेचे सभापती होते. या पदाची एक अडचण सहसा कोणी लक्षात घेत नाही. सभापतीची खुर्ची ऐकण्याची असते. वादात उतरायचे नाही. मतदानात दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच निर्णायक मत द्यायचे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १८९ सांगतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय ठराव ही सगळी आयुधे सदस्यांची. सभापती ती स्वीकारतो किंवा नाकारतो, वापरू शकत नाही. म्हणून भाषणांच्या पानांवरून आमदाराचे काम मोजायची आपली सवय पागे यांच्याबाबत उपयोगी पडत नाही. त्यांनी ही कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे पत्रांतून, भेटीगाठींतून, टिपणांतून लावून धरली. सभागृहात ती आली तेव्हा इतरांच्या तोंडून आली.

तासगाव तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठ सोडून पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस ओसरत जातो. खटाव-माणपासून आटपाडी, कवठे महांकाळ, जतपर्यंतचा हा सारा भाग पर्जन्यछायेचा. सुगी आटोपली की पुढच्या पावसापर्यंत हाताला काम नाही. मग मुंबईच्या गिरण्या, नाहीतर कुठल्यातरी कारखान्याची ऊसतोड. एकीकडे बांधबंदिस्तीवाचून वाहून जाणारी जमीन, दुसरीकडे रिकामे हात. या दोहोंची गाठ घालून देण्याचा प्रयोग १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात झाला.

दुष्काळी कामे काही नवी नव्हती. ब्रिटिशांच्या काळापासून ती निघत आली होती. फरक होता तो काम कोणाच्या इच्छेने निघते यात. जुन्या पद्धतीत आधी आणेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज) लागायची, मग टंचाई जाहीर व्हायची, मग जिल्हाधिकारी काम काढणार. तोवर निम्मे गाव परागंदा झालेले असे. पागे यांनी ही उतरंड उलटी केली : मजुराने मागणी नोंदवली की काम निघाले पाहिजे, टंचाई जाहीर झालेली असो वा नसो. ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा याच कल्पनेची. (पुढे ‘मागेल त्याला शेततळे’ निघाले तेव्हा शब्द उसने घेतले गेले, हक्क मात्र बरोबर आला नाही.) राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता न येणारा. त्याला एका राज्यापुरती कायद्याची धार लावणे ही या योजनेची खरी करामत.

योजना जाहीर झाली आणि १९७२ चा दुष्काळ पडला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशा टंचाईच्या कामांवर मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे होती. सुकडी (मजुरांना मिळणारा पौष्टिक खाऊ) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) हे शब्द घरोघरी गेले ते याच काळात. एवढ्या मोठ्या मदतकार्यात कोवळी रोहयो बाजूला पडली. दुष्काळ सरल्यावर मात्र तिला जोर आला, कारण मागणी करण्याची सवय लोकांना लागली होती आणि कामे कशी काढायची याची सवय यंत्रणेला.

मग प्रश्न आला पैशाचा. खेड्यातल्या मजुराची मजुरी शहरातल्या पगारदाराने का भरावी, हा आक्षेप उघड होता. त्यावर विधिमंडळाने काढलेला तोडगा आजही पगारपत्रकावर दिसतो : १९७५ च्या कायद्याने बसवलेला व्यवसाय कर. साताऱ्यातल्या शिक्षकाच्या किंवा मिरजेतल्या बँक कारकुनाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाला २,५०० होतात, ती ही कपात. (घटनेने घातलेली मर्यादा तेव्हा वर्षाला २५० रुपये होती.) हा कर आणि इतर काही उपकर रोजगार हमी निधीकडे वळवायचे, आणि तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. अर्थसंकल्पाच्या वेळी सगळ्यात आधी कात्री लागते ती गरिबाच्या योजनेला; इथे पैशाची वाट आधीच बांधून ठेवल्यामुळे ते जमले नाही. माझ्या मते योजना टिकली ती भावनेपेक्षा या तरतुदीमुळे.

कायद्याचे विधेयक १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केले. तेव्हाचे चित्र सांगलीकरांना सुखावणारे आहे. मुख्यमंत्री पद्माळ्याचे वसंतदादा पाटील, परिषदेच्या सभापतिपदी विसापूरचे पागे, आणि त्यांच्यासमोर विरोधी बाकावर वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील. कायदा अंमलात आला तेव्हा सरकार पालटले होते. मुख्यमंत्री शरद पवार आणि मंत्रिमंडळात एन. डी. पाटील, अशी अदलाबदल झाली तरी कायद्याला धक्का लागला नाही.

कायद्यातल्या अटी अशा : मागणी नोंदवल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता (सुरुवातीला दिवसाला किमान एक रुपया), नवे काम काढायला किमान पन्नास मजूर, खर्चाचा साठ टक्के भाग मजुरीवर, ठेकेदाराला मज्जाव, स्त्री-पुरुषांना कामाच्या मोजणीनुसार सारखा दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर हवे, हेही त्यात आले. पाळणाघराची अट वाचायला किरकोळ वाटते. पण या कामांवर बायकांची संख्या मोठी होती, आणि तान्ह्या मुलाला झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवून खडी फोडणारी बाई हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती किरकोळ वाटणार नाही.

योजनेवरच्या विधिमंडळातल्या चर्चेचा खरा भाग कायदा झाल्यानंतर सुरू झाला. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती नेमली गेली. ती जिल्ह्यांत फिरते, कामे पाहते, हजेरीपट तपासते, जिल्हाधिकारी आणि कार्यकारी अभियंत्यांची साक्ष नोंदवते आणि अहवाल सभागृहापुढे ठेवते. सभागृहातही बोगस मस्टर, थकलेली मजुरी, बंद पडलेली कामे, कमी केलेली मोजणी हे विषय प्रश्नोत्तरांच्या तासाला वर्षानुवर्षे निघत राहिले. उत्तरांची भाषा ठरलेली : ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यातले ‘अंशतः खरे’ हे उत्तर जाणत्या सदस्याला पुरेसे असते. त्या कबुलीवर उपप्रश्नांची पहार टाकून तो अधिकाऱ्याच्या चौकशीचे आश्वासन मिळवतो, आणि दिलेले आश्वासन पाळले की नाही हे आश्वासन समिती पाहते. मतदारसंघातल्या पाझर तलावावर आमदार अशा रीतीने बोलू शकला, कारण कायद्याने त्याला विचारायला ठोस मुद्दा दिला होता : मागणी कधी आली, काम कधी दिले.

दोषही कमी नव्हते. बेकारी भत्ता प्रत्यक्षात मिळाल्याची उदाहरणे विरळ. मागणी लेखी घ्यायचीच नाही, ही युक्ती खालच्या यंत्रणेने लवकर शिकून घेतली. खोट्या अंगठ्यांचे हजेरीपट भरले गेले. कित्येक रस्ते मातीकामापुरते होऊन पुढच्या पावसात वाहून गेले. सगळ्यात बोचरी टीका अशी की, मजुराला मजुरी मिळाली, पण त्याने बांधलेल्या पाझर तलावाचे पाणी उतरले ते जमीनवाल्याच्या विहिरीत. भूमिहीनाच्या वाट्याला तयार झालेल्या संपत्तीतले काही आले नाही. १९९० पासून रोहयोशी फळबाग लागवड जोडली गेली. डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा यांना त्यामुळे कोरडवाहू तालुक्यांत मोठा हात मिळाला, पण खड्डे खणायला आधी स्वतःची जमीन लागतेच.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. दोन्हींत एक फरक होता. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याची हमी कुटुंबाला, वर्षाला १०० दिवसांची होती. महाराष्ट्राची हमी व्यक्तीला, दिवसांची मर्यादा न घालता. राज्याने आपला कायदा रद्द केला नाही. २००६ मध्ये त्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय योजना त्यातच बसवली, आणि शंभर दिवसांपुढच्या मजुरीचा भार स्वतःच्या निधीवर ठेवला.