अंगावर येतो, पण हलताना दिसत नाही

पावसानं उघडीप दिली की बेळगावच्या खानापूर तालुक्यात भातखाचरांवर चतुर (ड्रॅगनफ्लाय) घिरट्या घालू लागतात. जांबोटी-कणकुंबीकडे खाचराच्या बांधावर थोडा वेळ बसलात तर त्यांची भांडणंही बघायला मिळतात. पुष्कळ जातींचे नर पाण्याजवळची आपली हद्द राखतात आणि दुसरा नर घुसला की त्याच्यावर धावून जातात.

धावून जाणाऱ्याची एक पंचाईत असते. कीटकांच्या डोळ्यांना बारकावे फारसे दिसत नाहीत, हालचाल मात्र पटकन कळते. मागच्या झाडीच्या मानानं एखादा ठिपका सरकला की संपलं. मग समोरच्याला पत्ता न लागू देता त्याच्यापर्यंत पोचायचं कसं?

समजा, लांब बांधावर एक जांभळीचं झाड आहे. हल्लेखोरानं झाड आणि प्रतिस्पर्ध्याचा डोळा यांना जोडणारी रेषा कधीच सोडायची नाही. प्रतिस्पर्धी डावीकडे गेला तर रेषाही तिकडे फिरते, म्हणून यानंही तिकडे सरकायचं. झाडाजवळ असताना जरासं सरकून भागतं. अंतर कमी होईल तसं जास्त सरकावं लागतं. एवढं जमलं की प्रतिस्पर्ध्याला तो जांभळीच्याच जागी खिळलेला दिसतो. आकार तेवढा वाढतो, पण दहा मीटरवरून नऊवर येताना ही वाढ जेमतेम एक नवमांश असते. दोनावरून एकावर येताना तो दुप्पट दिसतो खरा, पण तोवर पळायला वेळ उरत नाही.

ही कल्पना १९९५ साली मंड्यम श्रीनिवासन आणि डेव्ही यांनी मांडली. श्रीनिवासन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले, पुढे कॅनबेरात रमलेले. फुलांवर एका जागी तरंगणाऱ्या माश्यांच्या उड्डाणांच्या जुन्या नोंदी त्यांनी नव्यानं तपासल्या, तेव्हा माद्यांच्या मागावरचे नर असंच उडताना आढळले. २००३ मध्ये मिझुतानी, चाल आणि श्रीनिवासन यांनी ऑस्ट्रेलियातल्या चतुरांच्या हद्दीच्या भांडणांतही हीच युक्ती दाखवली. जांभळीसारखा तो आधारबिंदू कधी जवळचा असतो, कधी जणू अनंत अंतरावरचा. दुसऱ्या प्रकारात दोघांना जोडणारी रेषा फिरत नाही, फक्त आखूड होते.

इथं मला थोडी शंका घ्यावीशी वाटते. जवळ येणारं जहाज आपल्याला सतत एकाच दिशेला दिसत राहिलं तर टक्कर होणार, हे खलाशांना फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे चालतं भक्ष्य गाठायचा हा सरळसोट मार्गही आहे. चतुर चिलटाच्या मागे असा उडतो तेव्हा तो लपतोय की नुसता आडवा जाऊन गाठतोय, हे मार्गावरून ओळखता येत नाही. प्रतिस्पर्ध्यावर चाल करताना जवळचा बिंदू धरला असेल, तर मात्र लपण्याचं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण तो रस्ता सर्वांत जवळचा नसतो.

बांधावर बसून नुसत्या डोळ्यांनी यातलं काही कळायचं नाही. मोबाईलवरच्या एका चित्रफितीतूनही उंची आणि अंतर नीट निघत नाही. दोन ठिकाणी दोन कॅमेरे लावून दोन्हींतले ठिपके जुळवावे लागतात.